काकांचं छापील पोट

“काका, हे तुमचं जठर. अगदी मापात.”

हॉस्पिटलात किरणांचं माप ठरवणाऱ्या फिजिसिस्ट मॅडमनी टेबलावर गुलाबी प्लास्टिकचा टम्म फुगा ठेवला. काकांच्या लिव्हरमध्ये गाठ होती आणि जठर तिला खेटून. गाठीवर किरण सोडायचे, पण शेजारी भाजता कामा नये. म्हणून स्कॅनवरून काकांचं लिव्हर, जठर सगळं प्रिंटरवर छापलं होतं. आत किरण मोजणाऱ्या चकत्या ठेवून आधी ह्या प्लास्टिकच्या काकांवर मारा करून बघितला. ते पास झाले. उद्या खऱ्या काकांची पाळी होती.

काका म्हणजे रिटायर्ड बसड्रायव्हर. नातवाकडे बघावं तसे फुग्याकडे बघत म्हणाले, “काय घाट आहे!”

काकूंनी फुगा उलटासुलटा केला. कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

“मॅडम, स्कॅन उपाशीपोटी होता ना?”

“हो. उपचारही रोज उपाशीपोटीच. पोट दोन्ही वेळा सारखं हवं.”

“मग हे एवढं फुगलेलं कसं?”

“असतं एकेकाचं मोठं.”

“एकेकाचं असेल. ह्यांना वाढण्यात माझा जन्म गेलाय. हे पोट जेवलेलं आहे!”

काका छताचे पंखे मोजायला लागले. पंखा एकच होता.

“स्कॅनच्या दिवशी मी फाईल आणायला गेले, तेव्हा कुठं होतात तुम्ही?”

“टॉयलेटला.”

“आणि?”

“टॉयलेटशेजारी ह्यांनी कॅन्टीन काढलंय, त्याला मी काय करू?”

“काय हाणलंत?”

“एक सँडविच.”

काकूंनी फुगा त्यांच्या नाकासमोर धरला.

“...तीन. आणि दूध. भीती वाटली की मला भूक लागते गं!”

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. “काका, उद्या तुम्ही खरंच उपाशी आला असतात, तर आतली सगळी जागा हलली असती. किरण भलतीकडेच गेले असते. चांगलं जठर भाजलं असतं तुमचं!”

काकांच्या मिशीतलं हसू उतरलं. त्यांनी हळूच काकूंचा हात धरला.

उद्याचं थांबलं. पुन्हा स्कॅन झाला. काकू मशीनच्या दारापर्यंत काकांचं मनगट धरून, चोर पकडून आणल्यासारख्या. नवं जठर छापून आलं ते रिकाम्या पिशवीसारखं, लोळागोळा. पुन्हा मारा, पुन्हा मोजणी, पुन्हा पास. मग खरे काका.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. गाठ विरली होती, जठराला ओरखडा नव्हता. “फत्ते!” म्हणून डॉक्टरांनी हात पुढं केला तो काकूंकडे. तेव्हापासून तिथं स्कॅनच्या आधी ‘काही खाल्लंय का’ हे पेशंटला विचारतच नाहीत. बरोबर आलेल्या माणसाला विचारतात.

मॅडमनी दोन्ही जठरं आठवण म्हणून देऊन टाकली. घरी पोचताच काकूंनी लोळागोळा जठर जेवणाच्या टेबलावर मांडलं. “आजपासून माप हे.”

काकांनी पिशवीतून फुगा काढला आणि शेजारी ठेवला.

“आज तरी हे. हॉस्पिटलनं छापून दिलंय!”

काकूंनी डोळे वटारले. मग वटारलेले डोळे पुसत हसल्या आणि वाढायला लागल्या. काकांनी ताटातल्या ढिगाकडे बघितलं, फुग्याकडे बघितलं.

“अजून एक सँडविच मावतंय बघ.”