सरकारचे व्याही

आमच्या शेजारचे विश्वनाथअप्पा सरकारला व्याही म्हणतात. गमतीनं नाही. सरळ म्हणतात, "व्याह्यांचं पत्र आलं," "व्याही लई सुस्त हायत." नव्या माणसाला वाटतं, यांची मुलगी मंत्र्याच्या घरात दिलेली दिसते. तसं काही नाही. अप्पांनी सरकारी प्रयोगशाळेला तीन घोड्या दिल्यात.

लातूरजवळच्या आमच्या रेणापुरात अप्पांचा वरातीच्या घोड्यांचा धंदा. घोड्या चार होत्या. सुमन, शकुंतला, कमल आणि विमल. घोड्यांना चांदणी, बिजली अशी नावं का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अक्का, बिजली म्हणून हाक मारल्यावर घरचं कोण वाटतं का?" रोज सकाळी ते तबेल्यात सगळ्यांची चौकशी करतात. "सुमन, जेवलीस का? शकुंतला, तोंड का पाडून राहिलीस?" माझ्या न्हाणीघराची खिडकी तिकडेच उघडते. त्यामुळे चौघींच्या तब्येती मला रोज कळायच्या. नको असल्या तरी कळायच्या.

धंद्यात ते वाईट होते. नवरदेव आला की आधी त्याला उन्हात उभा करून खालून वर बघायचे. जाड असला की म्हणायचे, "तुम्ही जीपमधनं जा." एका नवरदेवाचा मामा भांडायला आला, तर त्यालाही खालून वर बघितलं आणि म्हणाले, "तुम्हीबी जीपमधनंच जा." वरातीत डीजे आल्यापासून तर त्यांनी निम्मी लग्नं परत पाठवली. "नवरदेव बहिरा झाला तर त्याचं नशीब. माझ्या पोरीनं काय पाप केलंय?"

अशात एक दिवस नांदेडहून कुलथे मॅडम आल्या. विष्णुपुरीच्या बाजूला सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथल्या त्या शास्त्रज्ञ. वय तीस-बत्तीस, खांद्याला पिशवी, पायात बूट. ओट्यावर बसून त्यांनी सगळं नीट सांगितलं. फुरसं आणि लाल विंचू यांच्या विषावरचं औषध आपल्याच भागात तयार करायचं आहे. घोडीला विष अगदी थोडं थोडं टोचायचं. तिला त्रास होत नाही, पण तिच्या रक्तात विषाला मारणारं द्रव्य तयार होतं. मग थोडं रक्त काढायचं, वरचं पाणी औषधाला ठेवायचं आणि लाल रक्त परत घोडीलाच चढवायचं. याला जैविक औषध म्हणतात. त्यासाठी निरोगी घोड्या आणि त्यांची सवय असलेला माणूस भागीदार म्हणून हवा.

अप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे तुम्ही मागणं घेऊन आलात?"

मॅडम लातूरकडच्या नव्हत्या. त्या "हो" म्हणाल्या. तिथून पुढं त्या विहीणबाई झाल्या.

चार दिवसांनी मॅडमबरोबर प्रयोगशाळेचे तीन लोक तपासणीला आले, तर अप्पांनी बघण्याचा कार्यक्रम मांडला होता. ओट्यावर सतरंजी. घोड्यांच्या आयाळीला खोबरेल तेल, कपाळाला भस्म. पोहे मला करायला लावले. लोक सुया काढत होते आणि अप्पा विचारत होते, "घरात माणसं किती? पाणी रोज येतं का? मोठे साहेब तापट हायत का?" मॅडमनी सगळ्याची उत्तरं दिली. मोठे साहेब तापट आहेत, हेही सांगितलं. बाई खोटं बोलत नव्हती, ते मला आवडलं.

रक्ताचे रिपोर्ट आले. तिघी पास, विमल वयामुळे नापास. अप्पा आठवडाभर विमलसमोर त्या विषयावर बोलले नाहीत. तपासणीच्या दिवशी पाहुणे निघताना अप्पांनी तिघांना टॉवेल, टोपी आणि नारळाचा आहेर केला होता, तोही आठ दिवसांनी एका खोक्यातून परत आला. सरकारी नोकराला भेट घेता येत नाही, अशी चिठ्ठी वर होती. दुसरा कुणी चिडला असता. अप्पा खूश झाले. "घराणं चोख हाय," म्हणाले.

मग करार आला. नऊ पानं, मराठीत. अप्पांना वाचता येतं, पण सरकारी कागद ते दुसऱ्याकडून वाचून घेतात. मी चौथीपर्यंत शिकले. शब्द फोडून फोडून वाचते, पण गाळत नाही. दोन दुपारी गेल्या. संपल्यावर अप्पा म्हणाले, "परत पाठवायचं कलम कुठाय?"

"न्हाई."

"नीट बघा, अक्का."

"नऊ पानं वाचली. हेवढंच हाय, की सेवाकाळ संपल्यावर घोड्यांची विल्हेवाट लावायचा अधिकार संस्थेचा राहील."

अप्पांनी माझ्या हातून कागद घेतले, घडी घातली आणि सही न करता परत पाठवले.

त्यानंतर सहा महिने पत्रं चालली. दर सोमवारी महादेवाला जाऊन आले की अप्पा अर्ज लिहायला बसायचे. वर "व्याही मंडळींस सप्रेम शरणार्थ" हा लिंगायती नमस्कार आणि खाली तीच मागणी. विल्हेवाट खोडा आणि परत पाठवायचं कलम टाका. तिकडून उत्तर यायचं, विषय विचाराधीन आहे. अप्पांनी तेवढ्यात दारावर पाटीही लावली, विश्वनाथ अश्वालय व जैविक औषध भागीदार. मी म्हणाले, अजून सही नाही. म्हणाले, "बोलणी चालू असताना पोरीला दुसरीकडं दाखवत नसतात." लग्नाच्या सुपाऱ्या घेणं त्यांनी बंदच केलं होतं.

शेवटी मॅडम स्वतः आल्या. उन्हाळा लागला होता. या वेळी पोहे नको म्हणाल्या.

"अप्पा, तुमच्या एका ओळीसाठी सगळं अडलंय. फुरसं चावलेली माणसं दवाखान्यात येऊन राहिलीत. बाहेरून आलेलं औषध आपल्या इकडच्या फुरशावर नीट चालत नाही. तुम्हाला पटतंय ना?"

"पटतंय की."

"मग? साहेबांनी विल्हेवाट शब्द काढलाय. सेवाकाळ संपल्यावर घोडी परत देतील. झालं तुमच्या मनासारखं."

"सेवाकाळ संपायच्या आधी तिला न्हाई करमलं तर?"

"तर डॉक्टर तपासतील, कारण नोंदवतील, समिती बसेल..."

"न्हाई. तिथं लिहा, घोडी कधीबी परत आली, तर मालकानं कारण न विचारता तिला ठेवून घ्यावं."

मॅडम थकल्या होत्या. "अप्पा, सरकारात कारणाशिवाय काही होत नाही. आणि हे वाक्य तर संस्थेला नाही, तुम्हालाच बांधून घालतंय."

"हाव," अप्पा म्हणाले. "मलाच बांधायचंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे बघितलं. मग अप्पाच बोलले, जमिनीकडे बघत.

"माझी एक पोरगी हाय. ललिता. नांदेडलाच दिली. लग्नाला दोन वर्सं झाली, आन् एक दिवस पिशवी घेऊन आली. मला जायचं न्हाई म्हणाली. मी म्हणलं, कारण सांग. सगळी संध्याकाळ विचारलं. तिनं कायबी सांगितलं न्हाई. मी म्हणलं, कारण न्हाई तर कशाला राहतीस? सकाळच्या एसटीत बसवून दिली."

हे मला नवीन नव्हतं. त्या संध्याकाळी मी तिथंच बसले होते. शेजारीण म्हणून मला विचारलं, तेव्हा मीही पाठवा म्हणाले होते. पिशवीत शेंगदाण्याची चटणी मीच बांधून दिली. त्यानंतर ललिता एकदाच रेणापूरला आली, आईच्या मातीला. पाणीही न पिता उभ्या उभ्या परत गेली. त्याला बारा वर्षं झाली.

मॅडमनी पिशवीतून पेन काढलं आणि वाक्य कागदावर उतरवून घेतलं. "कारण न विचारता" हे शब्द अप्पांनी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले. साहेबांनी कशी मंजुरी दिली, मला माहीत नाही. पण महिन्याभरात करार आला आणि चौदावं कलम जसंच्या तसं होतं. अप्पांनी सही केली. तिन्ही घोड्या गाडीत चढल्या. मला वाटलं, हे रडतील. रडले नाहीत. ड्रायव्हरला खालून वर बघितलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. हातात चौदाव्या कलमाच्या पानाची झेरॉक्स.

"अक्का, नांदेडला जाऊन हे ललिताला द्या."

"तुम्ही जा."

"मी गेलो की ती दार लावंल. तुम्ही द्या. बोलू नका कायबी."

मी गेले. मलाही तिच्याकडे जायचं तोंड नव्हतं, पण शेवटी अप्पांना जाते म्हणाले होते. ललितानं दार उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. आत बसवलं. मी कागद पुढे केला. तिनं उभ्यानं वाचला. मग बसून वाचला. मग पालटून मागं बघितलं. मागं कोरं होतं.

"हे घोड्यांचं हाय का, मावशी?"

"घोड्यांचं."

"त्यांनी लिहवून घेतलं?"

"सहा महिने भांडून."

तिनं आत जाऊन चहा टाकला. तिचा नवरा कुठं असतो, हे मी विचारलं नाही. कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली आणि कागदाची घडी करत राहिली. इतकी लहान घडी केली, की मुठीत मावली.

"घोड्या गेल्या म्हणजे आता तिकडं जागा मोकळी असंल," ती म्हणाली.

"तिघी गेल्यात," मी म्हणाले. "जागा लई हाय."