पाठ फिरवून ऐकणारे दाजी

लालबागच्या आमच्या चाळीत कुणाच्या घरातून वालाच्या बिरड्याचा वास आला, की त्या घरात काहीतरी बिनसलंय असं खुशाल समजावं. याला कारण आमचे शेजारी, दाजी नेरूरकर.

दाजी रे रोडला लाकडाच्या वखारीत कारकून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कुणी दुखणं-खुपणं सांगायला आलं की दाजी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवत, पुढ्यात मोड आलेल्या वालांची परात ठेवत आणि म्हणत, "सोल." मग त्याच्या पाठीला पाठ लावून स्वतः बसत. सल्ला नाही, सांत्वन नाही. बोलणारा अडला की मागून एकच शब्द यायचा, "मगे?" सोललेले वाल ज्याचे त्यानं घरी न्यायचे. हे शास्त्र त्यांनी स्वतःच बसवलेलं. "तोंड बघून माणूस खोटा बोलता," ते मला म्हणाले होते, "आणि हात रिकामे असले की नुसतो रडता."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आम्हा चौघा पोरांकडे पत्रकं वाटायचं काम. गठ्ठा चाळीच्या पाण्याच्या टाकीमागे लपवलेला. एका सकाळी पोलीस आले ते थेट टाकीपाशी, आणि गठ्ठ्यासकट आमच्यातल्या वसंताला घेऊन गेले. फितूर कोण?

"वसंता परवा दाजींकडे वाल सोलत होता," मी म्हणालो.

तेवढं पुरलं. दाजींच्या दारावरून जाताना लोक खोकायचेसुद्धा जपून. "वखारीत जातो म्हणे. अंगावर भुसा कधी दिसलाय?" एकजण म्हणाला. "अरे, कारकुनाला भुसा कशाला लागेल?" असं विचारणाऱ्यालाही आम्ही संशयितांत धरलं. आठवडाभर दाजींकडे कुणी फिरकलं नाही.

पुरावा आणायचा विडा अर्थात मीच उचलला. दाजींना खोटी बातमी द्यायची, की नवी पत्रकं उद्या वडाळ्याला मिठागरापाशी येणार. तिथे पोलीस दिसले की संपलं.

दाजींनी बसवलं. "सोल."

मी वडाळ्याचं सांगितलं.

"मगे?"

मी त्यात एक लॉरी घातली.

"मगे?"

लॉरीला मी ड्रायव्हर दिला, ड्रायव्हरला सासुरवाडी दिली. बातमी संपली, वाल संपेनात. पाठीला त्यांची पाठ नुसती उबदार लागत होती.

"मगे?"

आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. इराण्याच्या हॉटेलात एका अनोळखी माणसानं मला चहा पाजला होता. मीही पुढाऱ्याच्या ऐटीत त्याला सगळं सांगितलं होतं. टाकीसुद्धा. वसंताला नेलं त्याच्या आदल्याच दिवशी. मला ते आठवत नव्हतं असं नाही, आठवायचं नव्हतं.

मागून या वेळी "मगे" आलं नाही.

"माका सांगून काय उपयोग?" दाजी म्हणाले. "वसंताच्या आवशीक सांग."

गेलो. वसंताची आई चुलीपाशी होती. सगळं ऐकून तिनं पदरानं तोंड पुसलं. "मेल्या, आठ दिवस मी त्या देवमाणसाच्या दारावरून तोंड फिरवून जातेय! आधी त्यांच्याकडे जा." जिन्यात उरलेल्या दोघा मित्रांनाही सांगितलं. ते जे बोलले ते छापण्याजोगं नाही. जे केलं त्यानं चार दिवस डावा कान गरम होता.

तसाच दाजींकडे परतलो आणि सवयीनं भिंतीकडे तोंड करून बसलो. पाठीला पाठ लागली.

"दाजी, माफ करा."

त्यांनी ते ऐकलंसुद्धा नसावं. "तो इराण्याकडलो माणूस," ते म्हणाले, "त्यानं तुका काय काय विचारलं?"

"फारसं नाही. मधूनच 'बरं, पुढे?' म्हणायचा. ऐकत होता."

"तुझ्या तोंडाकडे बघून?"

"हो. हसून."

मला वाटलं, तोंडाकडे बघूनही मी खरं बोललो, म्हणजे दाजी आता आपल्याच शास्त्राची चूक काढणार.

"असो कोण माका गावलो असतो ना," ते हळूच म्हणाले, "तर मी पण सगळा सांगून टाकलं असतं. मगे तो पोलीस का असेना."