जगभरचे गर्दे

आमचे शेजारी गर्देकाका माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नाहीत. आधी आडनाव विचारतात, आणि ते पसंत पडलं तरच चेहऱ्याकडे वळतात.

सहा वर्षांपूर्वी आम्ही ग्वेल्फला राहायला आलो तो जानेवारीचा महिना होता. ट्रकमधून खोकी उतरवत होतो आणि एका खोक्यातून पोळपाट डोकावत होता. तो पाहून शेजारच्या ड्राइव्हवेतला बर्फ उपसणारे एक म्हातारे गृहस्थ फावड्यासकट आमच्याकडे आले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "आडनाव?"

"जोशी," माझा नवरा म्हणाला.

"अरेरे!" घरात कोणी आजारी असल्याचं सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला. "जोश्यांवर काम करण्यात अर्थ नाही हो. जिकडे-तिकडे आहेत. असो. ड्राइव्हवे आजच शोव्हल करून घ्या, उद्या त्याचा दगड होईल."

"काम" म्हणजे संशोधन, हे मला नंतर कळलं. दुधाच्या कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवण्यात काकांची नोकरीची सगळी वर्षं गेली. रिटायर झाल्यावर लोक बाग करतात, देवळात भजनाला जातात, फ्लोरिडाला जातात. काका बेसमेंटमध्ये गेले. तिथे भिंतभर जगाचा नकाशा लावला आणि पृथ्वीवर जिथे जिथे गर्दे आहेत तिथे तिथे टाचणी टोचायला सुरुवात केली. पुण्यात इतक्या टाचण्या झाल्या की त्या जागी नकाशाला भोक पडलं. ते भोक काका पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

या देशात 'गर्दे' कोणाला म्हणता येत नाही. इंग्रजीत लिहिलेलं पाहून कोणी 'गार्ड' म्हणतं, कोणी 'गार्डी'. कॉफीच्या दुकानातल्या पोरी कपावर जे लिहितात ते तर विचारूच नका. गॉर्डी, गार्लिक, एकदा नुसतंच गॉड. असे सगळे कप धुऊन, पुसून काकांनी बेसमेंटच्या फळीवर मांडले होते. वर चिठ्ठी होती, 'अपभ्रंश'.

आणि मॉन्ट्रियलची गोष्ट! ती मला त्यांच्या बायकोने, सुलभाकाकूंनी सांगितली होती, काकांच्या देखत, हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत पुसत. तिथे एका फाटकावर फ्रेंचमध्ये पाटी होती, 'शियँ द गार्द'. काकांना 'शियँ' म्हणजे कुत्रा एवढं माहीत होतं आणि पुढचा शब्द तर घरचाच होता. "सुलभा, गर्द्यांचा कुत्रा! इथे गर्दे राहतात!" असं म्हणून त्यांनी फाटकाला टेकून फोटो काढायला लावला आणि मग घरमालकांना भेटायला कडी काढून आत गेले. त्या पाटीचा अर्थ 'राखणीचा कुत्रा' असा होतो हे त्यांना कुत्र्यानेच सांगितलं. फोटोत काका हसताहेत, आणि मागून काहीतरी काळं येतंय.

"पण शब्द होता ना तिथे? पुराव्यानिशी बोलतोय मी," काका म्हणाले. 'पुराव्यानिशी' हा त्यांचा लाडका शब्द. दाढ दुखते आहे हेसुद्धा ते पुराव्यानिशी सांगत.

मग स्पेन सापडला. उत्तर स्पेनमध्ये, डोंगरातल्या एका खोऱ्यात, गार्दे नावाचं चिमुकलं गाव आहे. त्या गावावरून पडलेलं गार्दे हे आडनाव त्याच मुलखात थोड्या घरांमध्ये आहे, आणि त्यातली काही माणसं समुद्र ओलांडून इकडे-तिकडे पांगलेली आहेत. इंग्रजी स्पेलिंग अक्षराला अक्षर आपलंच. त्या दिवशी काका आमची बेल वाजवायचंही विसरले, दार बुक्क्यांनीच वाजवलं.

"अगं जोशी, त्या खोऱ्यातले लोक काय करतात माहितेय? मेंढीच्या दुधाचं चीज! आणि मी जन्मभर काय केलं? दूध! हे रक्तात असतं!"

"अहो काका, पण कोकणातले गर्दे स्पेनला गेले कसे?"

"गलबतावरून."

"पुरावा?"

"पुरावा काय मागतेस? तिथे गर्दे आहेत हाच पुरावा!"

हेच वाद मग त्यांच्या बेसमेंटमध्ये चालत आणि काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून ऐकत. "झालं असेल तर या वर, पोळ्या गार होताहेत," एवढंच म्हणत. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. ग्वेल्फमधल्या दोन टाचण्या म्हणजे ती दोघंच.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आजार लहानसाच म्हणत होते आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. आमच्या गावात स्पीड नावाची नदी आहे. नावाला स्पीड, पण तिच्यापेक्षा आमची सिटी बस लवकर पोहोचते. त्या नदीकाठी काकू रोज फिरायला जायच्या. तिथे त्यांच्या नावाचं बाक ठेवायचं काकांनी ठरवलं, सिटीकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे अप्लाय केलं, जागा मिळाली. फक्त पाटीवरचा मजकूर द्यायचा होता. तीन ओळी, प्रत्येक ओळीत मोजकी अक्षरं.

दोन वर्षं झाली, मजकूर काही ठरेना. काकांनी एक मसुदा मला दाखवला होता: 'सुलभा गर्दे यांच्या स्मरणार्थ. गर्दे घराणे, मूळ कोकण, बहुधा स्पेनही.'

"काका, बाकाच्या पाटीवर 'बहुधा' लिहीत नाहीत हो."

"म्हणूनच थांबलोय. आधी मूळ नक्की होऊ दे. एकदा धातूवर कोरलं की खोडता येत नाही."

मला राग यायचा. काकूंच्या पाटीत स्पेन आणून बसवायचं काय कारण? या सप्टेंबरात सिटीचं पत्र आलं, की महिनाअखेरपर्यंत मजकूर आला नाही तर ती जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला देऊ. मी ते पत्र काकांच्या फ्रिजवर लावलं आणि रोज आठवण करायला लागले. काका रोज म्हणायचे, "उद्या."

आणि तेवढ्यात लायब्ररीतून फोन आला. ग्वेल्फमध्ये काकांचं कोणीच नसल्यामुळे त्यांच्या कार्डावर माझा नंबर आहे. लायब्ररीतली बाई फार सौम्य आवाजात म्हणाली, की तुमचे एक वृद्ध गृहस्थ गेले तीन दिवस इथे बसून येणाऱ्या प्रत्येक बाईला आडनाव विचारताहेत, तर तुम्ही जरा याल का?

मी गाडी काढली. झालं होतं असं, की लायब्ररीत आपण मागवलेली पुस्तकं एका फळीवर ठेवतात आणि वर आडनावाची पहिली चार अक्षरं आणि नावाचं एक अक्षर अशी चिठ्ठी असते. 'गार्ड, पी' अशी चिठ्ठी पाहून आमच्या पुरुषोत्तम गर्द्यांनी पुस्तक उचललं. निघालं क्रोशाच्या विणकामाचं, तेही स्पॅनिशमध्ये! म्हणजे या गावात दुसरं कोणीतरी पी. गर्दे होतं. नाव-पत्ता सांगायला लायब्ररीने साफ नकार दिला. तेव्हा काकांनी पुस्तक जागच्या जागी ठेवलं, समोर खुर्ची ओढली आणि डब्यात पोहे घेऊन पहारा सुरू केला. आयुष्यात एकदाच ते खरोखरचे गार्ड झाले.

मी त्यांना उठवत होते तेवढ्यात ऐंशीच्या घरातली एक ठेंगणी बाई काठी टेकत आली आणि तिने ते पुस्तक घेतलं. काका माझा हात झटकून पुढे झाले. "मॅडम! आय अ‍ॅम आल्सो गर्दे!"

बाईने आधी काठी उचलली. मग काकांनी पुढे केलेल्या कार्डावरचं नाव वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि मोठ्याने म्हणाली, "गार्दे?"

"'दे' म्हणाली!" काका माझ्याकडे वळून मराठीत ओरडले. "पन्नास वर्षांत या देशात पहिल्यांदा परक्या माणसाने 'दे' म्हटलं गं!"

तिचं नाव पिलार. ती त्याच खोऱ्यातली निघाली. काकांनी तिथल्या तिथे तिला रविवारी चहाला बोलावलं आणि मलाही. "तू हवीसच. बाई एकटी येणार, लोक काय म्हणतील?"

"कोण लोक काका? तुमच्या घरामागे फक्त रकून राहतात, कचऱ्याचे डबे उपसणारे."

रविवारी मी साबुदाण्याचे वडे करून नेले. पिलारबाईंनी जिना उतरून नकाशा पाहिला, स्पेनमधली एक टाचणी उपटून केसभर डावीकडे टोचली, आणि पुण्याच्या भोकातून बोट घालून पाहिलं. भारतातून कोणी पूर्वज आल्याचं ऐकिवात आहे का, असं काकांनी श्वास रोखून विचारलं.

"नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्याकडे बाहेरून फक्त मेंढ्या आल्या."

काकांचं तोंड एवढंसं झालं. पण ते हटले नाहीत. वर येऊन चहा ओतता ओतता त्यांनी वही उघडली. "बरं, तुमच्या यजमानांचं घराणं त्याच गावचं की आसपासचं?"

"माझा नवरा रुईस होता. गार्दे मी."

"म्हणजे लग्नाआधी."

"आधी, नंतर, आत्ता. आमच्यात बाई आडनाव बदलत नाही. त्याने माझ्याशी लग्न केलं, मला दत्तक नाही घेतलं." मग भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवून त्यांनी सहज विचारलं, "तुमची बायको? नाव काय तिचं?"

"सुलभा गर्दे."

"नो, नो," बाई हसल्या. "ते तुमचं. हर नेम."

काकांच्या हातातली किटली तशीच राहिली. मला वाटलं, आता 'पुराव्यानिशी' काहीतरी सांगतील. त्यांनी किटली खाली ठेवली. मग फार हळू, नवीन भाषेतला शब्द म्हणून पाहावा तसे म्हणाले, "इंदू. इंदू घैसास."

चार वर्षं मी त्या बाईंच्या हातचं खाल्लं, आणि त्यांचं नाव इंदू आहे हे मला माहीत नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

पिलारबाईंना मी गाडीने सोडून आले तेव्हा काका टेबलाशी तसेच बसले होते. मी कपबश्या विसळायला घेतल्या. पाठमोरी होते म्हणून असेल, ते बोलायला लागले.

"आमच्या घरात आधीच एक इंदू होती, माझी आत्या. हाक मारली की दोघी 'ओ' देणार. गोंधळ नको म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मी सुलभा लिहिलं. इंजिनीअर ना मी! एका नावाचे दोन पार्ट नकोत." त्यांनी समोरची वही मिटली. "विमानात इमिग्रेशनचा फॉर्म भरताना तिने विचारलं होतं, माहेरचं कुठे लिहू? मी म्हटलं, एकच लिही, सोपं पडतं."

मी नळ बंद केला.

"तिला भाऊ नव्हता, जोशी. त्यांच्या घरातले घैसास तिच्याबरोबर संपले. मी खाली टाचण्या टोचत बसायचो ना, तर कधीकधी ती जिन्यावरून विचारायची, 'आमच्या घैसासांचं काय हो?' मला वाटायचं चेष्टा करतेय. मी म्हणायचो, घैसास पुष्कळ आहेत, त्यांचं संशोधन नको." त्यांनी चष्मा काढला. "अख्ख्या जगात माणसं शोधली मी. आणि ही पोळ्या करत होती इथे, हिला कोणी विचारलं नाही."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. वड्यांची ताटली पुढे सरकवली. त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." तेव्हा कुठे मला जरा धीर आला.

महिना संपायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वॉटर्लू गावातल्या ऑफिसातून परतले तर काका आमच्या दारात उभे. सिटीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता आणि त्यांचा कॉम्प्युटर म्हणे ऐन वेळी दगा देतो. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून समोर ठेवली. तीन ओळी भरायला दोन वर्षं घेतलेल्या माणसाने एकच ओळ लिहिली होती.

'इंदू घैसास.'

मी टाइप केलं. स्पेलिंग त्यांनी तीनदा तपासलं. सबमिट करायच्या आधी मला राहवेना.

"काका, अजून दोन ओळी रिकाम्या आहेत. गर्दे नको लिहायला?"

"कशाला?" काका म्हणाले. "गर्दे बसलेला असेलच की तिथे."