बारकूदादाची डबल बेल

देवळात घंटा असते, शाळेत असते. वेलीला घंटा बांधलेली मी फक्त आमच्या धसईत पाहिली, माझा शेजारी बारकूदादा याच्या अंगणात. मुरबाड डेपोत जन्मभर कंडक्टरकी केलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर कधीतरी भंगारात निघालेल्या एसटीची घंटा दोरीसकट मिळवली आणि मधुमालतीच्या मांडवाला टांगली. दोरीचं दुसरं टोक त्याने कुंपणावरून थेट माझ्या ओट्यावर सोडलं.

"कारकून," तो मला म्हणाला. मी मुरबाडच्या एका पतपेढीत कारकून होतो. "दिवेलागणीला तू ओट्यावर बसतोसच. वास आला की डबल बेल मारायची. नाय आला तर सिंगल."

"तुम्हीच बघा ना दादा. वेल तुमच्या दारात आहे."

"वारा तुझ्या बाजूला जातो. आनि तुला बोलायचा कंटाळा, म्हणून तर घंटी दिली रे!"

ते खरं होतं. माझ्या तोंडून शब्द निघणं म्हणजे रविवारी पतपेढी उघडी सापडण्यासारखं.

सकाळी मी दाढी करत असलो की पलीकडून त्याचा आवाज यायचा. "ओ, दरवाज्यात उभं ऱ्हायचं नाय, आत सरका!" फाटकात आडव्या आलेल्या फांदीला हे सांगणं असे. शेंडा माझ्या पत्र्यावर चढला की, "टपावर कोण चढलं? उतरा खाली!" मग जुन्या खाकी पँटच्या चिंध्यांनी तो एकेक फांदी मांडवाला बांधायचा. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, सकाळी गुलाबी होतं, मग लाल होऊन गळतं. दादाच्या भाषेत, "पांढरा चढला, लाल उतरला."

उतरणारे सगळे माझ्या पत्र्यावर उतरत. पन्हळ तुंबायची, पाणी भिंतीत मुरायचं आणि बायको मला बोलायची. "त्यांना एक शब्द सांगाल तर शपथ!" मी तो शब्द सांगितला नाही. एका संध्याकाळी अंगणभर वास दरवळत असताना दोरी ओढली. एकदाच. वाटलं, चार वेळा सिंगल मारली की म्हातारा हे खूळ सोडून देईल.

झालं उलटंच. दादा कामाला लागला. आधी राख घातली, मग ताक, मग मासळी धुतलेलं पाणी. शेवटी पिंपात शेणकाला कुजत घातला आणि कोपरापर्यंत हात घालून तो रोज ढवळायला लागला, चेहरा असा शांत, जणू श्रीखंड फेटतोय. आमची आळी नाकाला पदर लावून फिरत होती. बायको म्हणाली, "ह्यांच्या नाकाला काय बूच बसवलंय?" मी आपला सिंगल मारत राहिलो.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याने कोयता काढला. "इंजिन खोलायला लागंल, कारकून. वरवर भागत नाय." आणि एवढी वेल गुडघ्यापर्यंत छाटून टाकली. मी ओट्यावर उभा होतो, दोरी हातात आणि तोंड नेहमीसारखं बंद.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी बायको धावत बाहेर आली. "अहो, दादांकडे बोंबील जळतायत!" सुक्या बोंबलाचा तो धूर बाजारापर्यंत पोचला असेल. मी कुंपण ओलांडून गेलो. दादाच्या पाठीमागे दारातून धुराचा लोट निघत होता आणि दादा पायरीवर बसून छाटलेल्या खुंटाला कुठे कोंब फुटलाय का ते बघत होता.

"दादा, वास नाही येत?"

त्याचं तोंड उजळलं. "कुठं? फूल नाय, पान नाय, वास कसला येतोय?"

मी आत जाऊन तवा बाहेर फेकला. दादाने काळेठिक्कर बोंबील पाहिले आणि तो म्हणाला, "नाक कधीच गेलं रे. नोकरीत असतानाच. फक्त तुझ्या वयनीला ठावं होतं."

वहिनी आदल्या वर्षी गेल्या होत्या. वेल त्यांनी लावलेली.

"मी ड्यूटीवरून आलो की ती पायरीवर असायची. वास सुटला की म्हणायची, 'आला बरं का.' मी पन मान हलवायचो. लय भारी, म्हणायचो." तो खुंटाकडे बघत राहिला. "ती गेल्यावर कोणाला इचारणार? म्हटलं, कारकुनाला घंटी द्यावी. तू बोलत नायस, पन खोटं पन बोलत नायस."

घरी आलो. जेवण गेलं नाही.

पावसात खुंटाला कोंब फुटले, ते फांद्या झाले. एकदा दादा त्या बांधत होता, मी चिंध्या फाडून देत होतो, आणि मध्येच मी बोललो. "दादा, मी सिंगल मारायचो ना, तेव्हा वास येत होता. रोज येत होता. पन्हळ तुंबते म्हणून मी..."

दादाचे हात थांबले.

"म्हणजे इतके दिस विदाऊट गेलास?" तो म्हणाला. "माझ्याच गाडीत?"

मी पुढची चिंधी फाडायला घेतली.

"दंड लागंल. आता ही वेल तू बांधायची. आनि पन्हळीचं तेव्हाच सांगायचंस की रे! तुला तोंड दिलंय ते काय नुसतं जेवायला?" त्याने खाकीची चिंधी माझ्या हातात कोंबली आणि तो आत निघून गेला. त्या दिवशी पुन्हा बाहेर आला नाही.

वेल मीच बांधली. फांदी पत्र्याकडे वळली की हळूच, कोणी ऐकत नाही हे बघून, "टपावर नाही चढायचं," असंही म्हणायला लागलो.

दसरा होऊन गेला. एका दिवेलागणीला ओट्यावर बसलो होतो आणि वास आला. आधी अगदी बारीक, मग वाऱ्याबरोबर भरभरून. मी उठून नीट उभा राहिलो आणि दोरी ओढली. टिंग टिंग.

मला वाटलं, आता आरोळी येणार, "जाऊ द्या!" आली नाही. कुंपणावरून पाहिलं तर दादा पायरीवर बसला होता, एका कडेला सरकून, शेजारी जागा ठेवून.

"अगो," त्या जागेकडे बघून तो हळूच म्हणाला, "आला बरं का."