गुडघ्याचा रहिवासी दाखला

मानवी शरीर परकी वस्तू सहजासहजी स्वीकारत नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. कोल्हापुरात हा शोध तालमींनी फार आधी लावला होता. फक्त त्यावर प्रबंध लिहायचा राहून गेला.

डॉ. निशिगंधा यांनी आपल्या प्रयोगशाळेत गुडघ्याची नवी कूर्चा तयार केली. इचलकरंजीच्या मागावर विणलेली रेशमी जाळी आणि तिच्यावर वाढवलेल्या जिवंत पेशी. (विणणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारले होते, "म्याडम, पदर कुटल्या बाजूला काढायचा?") ही कूर्चा बशीत नऊ दिवस जगते, तेवढ्यात ती बसवावी लागते. बसवायची होती विश्वजितला. विश्वजित शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा गोलरक्षक, वय चोवीस. त्याच्या उजव्या गुडघ्यातली गादी इतकी झिजली होती की, ही कूर्चा बसली नाही तर खेळ संपला आणि जिना चढणेही.

शरीर विश्वजितचे असले तरी गुडघा संघाचा, आणि संघ तालमीचा. त्यामुळे परवानगीसाठी तालमीत सभा भरली. उपस्थिती एकशे बारा, मते एकशे चाळीस (काहींची दोन होती). डॉक्टरबाईंनी सगळे नीट समजावले आणि पेशी देणाऱ्याचे नाव सांगितले: नौमान.

सभा एकदम चिडीचूप झाली.

"पेठ कुठली?" अध्यक्ष हंबीररावांनी विचारले.

पेठ पलीकडची निघाली. नौमान तिथल्या संघाचा गोल मारणारा गडी. मग रीतसर हरकती आल्या. ऐन पेनल्टीला हा गुडघा जुन्या मालकाकडे ओढला गेला तर? मिरवणुकीत तो कुणाच्या हलगीवर नाचणार?

शेवटी सुज्ञ तोडगा निघाला. पेशींनी पेठेत सलग सात दिवस वास्तव्य करावे, म्हणजे त्यांना रहिवासी दाखला देता येईल. उबदार पेटीसह बशी तालमीत मारुतीसमोर ठेवली गेली. पेशींना एकटे वाटू नये म्हणून दोघे जण पाळीपाळीने सोबतीला बसत. पिराजी पैलवान रोज सकाळी पेटीत डोकावून "वाढतंय की!" असा अभिप्राय वहीत नोंदवत. दाखल्यावर सही झाली दहाव्या दिवशी. (अध्यक्ष बिद्रीला लग्नाला गेले होते.) पेशी नवव्या दिवशीच वारल्या. तालमीने श्रद्धांजलीचा फलक लावला. त्यावर पेशींचा फोटो नव्हता, एकशे बारा जणांचा होता.

त्या फलकाखाली बसून विश्वजित ढसाढसा रडला. तिथे नौमान आला.

"रडतोस काय लेका? माझ्याकडनं आनखी घे की."

"तुझी पेठ ऐकंल व्हय?"

"त्येंना सांगतंय कोन?"

त्याने गुपचूप पुन्हा पेशी दिल्या. गुपचूप दिल्यामुळे दोन्ही पेठांना संध्याकाळपर्यंत कळले. आपलाच गुडघा आपलीच पेनल्टी अडवणार, अशी आता नौमानच्या पेठेचीही हरकत आहे.

दुसरी बशी तयार आहे. मागच्या अनुभवातून शहाणे होऊन प्रयोगशाळेने या वेळी जाहीर सूचनाच काढली: हरकती सात दिवसांत नोंदवाव्यात. आजवर एकशे नव्वद आल्या. सगळ्या पेठेवरून, नौमानच्या नावावरून एकही नाही.

म्हणजे तशी एक आहे. त्याचे नाव ऐकून सभा चिडीचूप झाली, तेव्हा त्या शांततेचे कारण म्हणून तुम्ही वाचताना मनात जी हरकत धरली होती, ती. मागे घ्यायची असेल तर आज सातवा दिवस आहे. जरा लवकर कळवा. विश्वजित जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून आहे.