आईसाहेबांच्या स्वारीस्तव जुने पिकप उचलले त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनी समर्थ. तिचे पायी मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली, ती धन्यांनी वाचू नये, बाकी सर्वांनी वाचावी. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास. अमुक एके राज्यी राजश्री हैबतराव सरकार राज्य करीत होते. राज्य म्हणजे अडीच एकर ऊस, दोन म्हशी आणि एक म्हातारे पिकप, आणि त्या पिकपात पुढील बैठकीवर बसून आईसाहेब दरसाल माहेरचे देवीचे जत्रेस जात, हाच राज्याचा थोर मान. परंतु गतवर्षी ओढ्यात खडकास पिकपाचे पोट टेकले आणि आईसाहेबांस लुगडे सावरीत चिखलात उतरावे लागले, आणि सरकारांचे चुलतबंधू जोत्याजीराव काठावर उभे राहून पोटभर हसले, आणि यंदा तर त्यांनी नवी मोटार घेतली. आई त्या मोटारीत बसली तर भावकीत तोंड दाखवावयास जागा नाही, ऐसे मनी येऊन सरकारांनी पिकप उंच करण्याची मसलत मांडिली. मग उस्ताद इस्माइल फिटर हजर जाहले आणि गाडीखाली निजून वर येऊन बोलिले, "सरकार, इस्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवला तर दोन बोटं उचलंल. खाली ठोकळं घातलं तर वीतभर. पुढचंबी तेवढंच वर घेतो. वाघ दिसंल." राणीसाहेब भाकरी थापीत आतून बोलिल्या, "दोन बोटं पुरं झालं. आन् आधी सासूबाईंस्नी इचारा." सरकारांस वाघ तेवढा ऐकू आला. मग वीतभर ठरले, आणि सरकारांची वीत आखूड पडली म्हणून उस्तादांची धरिली, ती पैलवानी.

मग जत्रेचे दिवशी जोत्याजीरावही नवी मोटार घेऊन दारी उभे राहिले, नारळ फुटला आणि आईसाहेबांनी पाय उचलिला, तो पायरीस पोहोचेना. मग पाट आणिला, तो डगमगला, मग स्टूल आणिले, त्यास गुडघे कबूल होईनात, मग सरकार म्हणाले, "आई, मी उचलून ठेवतो."

"पोतं हाय व्हय रं मी? जोत्या, दार उघड."

आणि आईसाहेब नव्या मोटारीत जाऊन बसल्या. सरकारांचे डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी पिकपाचे धुराचे नावे घातले. मग स्वाऱ्या निघाल्या आणि ओढ्यावर पिकप खडकावरून अलगद पार जाहले, आणि मागे जोत्याजीरावांची मोटार त्याच खडकावर बसली. सरकारांस आधी हसू आले, परंतु काचेआड आई दिसली आणि ते हसू तेथेच जिरले. मग दोरखंड बांधून त्यांनी मोटार ओढावयास घेतली, तो आईसाहेब काच खाली करून बोलिल्या, "हैबत्या, हळू वढ. जोत्याची गाडी नवी हाय."

पाणी शिरून मोटार पुढे सुरूच होईना, सबब तशीच जत्रेपर्यंत ओढीत नेली. येणेप्रमाणे आईसाहेब लेकाचे बळाने आणि पुतण्याचे गादीवर देवीस पावल्या. सरकारांचे शेजारची बैठक रिकामी होती, तीवर त्यांनी वाटेत कोणास बसू दिले नाही. इतके घडले, इतके लिहिले.