तक्रारमुक्त क्लाइनवाल्ड

मातृत्व हा समाजाचा पाया आहे आणि त्या पायाला धक्का लागू न देणं हे नगरपालिकेचं पहिलं कर्तव्य आहे, असं क्लाइनवाल्डचे नगराध्यक्ष हार्वी फ्रीझन यांनी शारिसा पेनरच्या निरोपाच्या केकसमोर उभं राहून सांगितलं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी केकचा कोपऱ्यातला, जास्त साखरेचा तुकडा उचलला आणि हळूच विचारलं, "बर्फ ढकलणाऱ्या लेनर्डचा नंबर कुठे चिकटवलायस, तेवढं सांगून जा."

शारिसा नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर बसायची. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातलं हे मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं गाव. वस्तीच्या मानाने चर्च जास्त आणि चर्चच्या मानाने तक्रारी जास्त. खिडकीवर एक पितळी घंटी होती. ती वाजली की शारिसा हसायची, ऐकून घ्यायची, "बघते" म्हणायची आणि लेनर्डला फोन करायची. या कामात ती वाकबगार होती आणि ते तिला मनापासून आवडायचं. ही दुसरी गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नसे, कारण नगरपालिकेत तसं कुणी सांगत नाही.

रजेची आखणी तिने लष्करी शिस्तीत केली होती. एक वर्ष तिची रजा. मग तिचा नवरा कर्टिस खिडक्यांच्या कारखान्यातून रजा घेणार आणि पाळणाघरात जागा होईपर्यंत बाळाला सांभाळणार. पाळणाघरात नाव तिने दिवस राहण्याआधीच घालून ठेवलं होतं, कारण या भागात मूल व्हायला लागतो त्याहून जास्त वेळ त्याला जागा मिळायला लागतो. बदली माणूसही मिळाला. विनिपेग शहरातला रोनेल मानालो. तरुण, हसतमुख, रोज इस्त्रीचा शर्ट.

"सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'बघतो' म्हणायचं," शारिसाने त्याला शिकवलं. "'करतो' कधीच म्हणायचं नाही."

"बघतो," रोनेल म्हणाला. मुलगा हुशार होता.

मार्चमध्ये एल्सीचा जन्म झाला. ती घरी आली त्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. सुसाना रायमर, हातात काचेचं भांडं, भांड्यात भरपूर चीज घातलेलं नूडलचं कॅसरोल. क्लाइनवाल्डमध्ये बाळंतिणीकडे कुणी रिकाम्या हाताने जात नाही. सुसानामावशींनी ओसरीत बूट काढले, बाळाला पाहिलं, नाक आजोबांचं असल्याचा निकाल दिला आणि खुर्चीत बसल्या.

"बाकी सगळं छान बघ," त्या म्हणाल्या. "फक्त तो मेला लेनर्ड. रस्ता साफ करतो आणि सगळा बर्फ माझ्या फाटकात आणून टाकतो. काल गाडी निघेना."

"मावशी, ऑफिसात सांगा ना. रोनेल आहे तिथे."

"अगं, परक्या माणसापाशी कुरकुर करायची? बिचारा विनिपेगहून येतो. त्याने विचारलं, कसं चाललंय. मी म्हटलं, छान! परक्याला छानच सांगायचं असतं ना?"

"मग तिथे गेला होतात कशाला?"

"लेनर्डची तक्रार करायला!"

शारिसाने एका हाताने एल्सीला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने लेनर्डला फोन लावला. एवढंसं काम होतं. चूक झाली ती इथे.

लेनर्डने बर्फ उचलला. गावाला बातमी लागली. त्यानंतर पेनरांच्या घरी चीज भरून उकडलेल्या व्हेरेनिकी आल्या, फार्मर सॉसेज आलं, आलुबुखारचा प्लाट्झ केक आला, आणि प्रत्येक भांड्याबरोबर एकेक तक्रार आली. शेजारच्या कुत्र्याची, उखडलेल्या फुटपाथची, कचऱ्याच्या गाडीची. भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव असायचंच, म्हणजे माणूस भांडं परत न्यायला यायचा आणि आल्यासरशी दुसरी तक्रार ठेवून जायचा. लेनर्डला फोन करायचीही गरज राहिली नाही. तो दुपारी स्वतःच येऊन टेबलाशी बसायचा.

"आज काय आहे?" तो विचारायचा.

"दिव्याच्या खांबाला ट्रक धडकलाय."

"ते नाही गं. जेवायला काय आहे?"

कर्टिसला पँट घट्ट व्हायला लागली. "हे असं किती दिवस चालणार?" असं तो विचारायचा, पण तोंडात घास असल्यामुळे त्याला जोर नसायचा.

सगळ्यांत नेमाने यायचे ते आब्राम टेव्स. म्हातारे, एकटे, गावाच्या टोकाला राहणारे. त्यांच्या फाटकापुढच्या रस्त्याखालची मोरी तुंबली होती आणि बर्फ वितळला की पाणी अंगणात यायचं. बायकोच्या वेळच्या निळ्या बशीत ते दुकानातले बन घेऊन येत, एल्सीला मांडीवर घेऊन मोरीचं वर्णन करत, आणि ती पहिल्यांदा हसली तीसुद्धा मोरीच्याच वर्णनाला.

"लेनर्ड, टेव्सकाकांची मोरी कधी काढतोस?" शारिसा विचारायची.

"अगं, मी जातो गं! गेलो की म्हणतात, आज राहू दे, आधी कॉफी घे. कॉफी झाली की त्यांची झोपायची वेळ होते."

असं वर्ष सरत आलं. शारिसा दिवस मोजायला लागली होती. एल्सीवर तिचा जीव होता, पण त्या पितळी घंटीच्या आवाजाचं तिला स्वप्न पडायचं. आणि फेब्रुवारीत, गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून त्यांना विजेची वायर जोडून ठेवावी लागते अशा थंडीत, स्वतः नगराध्यक्ष दारात उभे राहिले. हातात बायकोने दिलेलं कॅसरोल.

"शारिसा, तुला एक आनंदाची बातमी सांगायला आलो," बूट काढत ते म्हणाले. "आपलं गाव तक्रारमुक्त झालं."

"काय झालं?"

"तक्रारमुक्त! वर्षभरात खिडकीवर एक तक्रार नाही. घंटीवर धूळ बसलीय, मी बोट फिरवून पाहिलं. रोनेलने जादू केली बघ. पुढच्या मंगळवारच्या सभेत त्याचा सत्कार करतोय, आणि खिडकी बंद करतोय. तिथे गावाचा पहिला नांगर ठेवायचा. काचेच्या पेटीत."

शारिसाने विचारलं, "आणि मी?"

"तुला एक पत्र येईल. चांगलं पत्र आहे, मीच लिहिलंय." हार्वींनी एल्सीचा गाल हलकेच ओढला. "अरे हो, माझ्या घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा सारखा फडफडतोय. झोप लागत नाही. लेनर्डला जरा सांग ना."

"अहो हार्वी, ही तक्रार झाली!"

"छे छे," नगराध्यक्ष दुखावल्या आवाजात म्हणाले. "आपण गप्पा मारतोय."

ते गेल्यावर कर्टिस म्हणाला, "सरळ सांगून टाक की वर्षभर काम तूच केलंस."

"आणि भत्ता?"

रजेचा सरकारी भत्ता घेणाऱ्या बाईने काम केलं तर भत्त्याचं काय होतं, हे दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. आणि ते नीट विचारायला जाणं म्हणजे आपणहून जाऊन सांगणंच होतं.

"मग एकच उपाय," शारिसा म्हणाली. "तक्रारी खिडकीवर परत पाठवायच्या."

तिने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: बाळ झोपलंय. बेल वाजवू नये. आणि तो दारावर लावला.

क्लाइनवाल्डमध्ये लोक पाहुण्याला उपाशी पाठवणार नाहीत, रविवारी गवत कापणार नाहीत आणि झोपलेल्या बाळाला उठवणार नाहीत. सुसानामावशी आल्या, पाटी वाचली, चवड्यांवर मागे फिरल्या. टेव्सकाका आले, कडाक्याच्या थंडीत जरा वेळ उभे राहिले आणि निळी बशी पायरीवर ठेवून गेले. पडद्याआडून ते बघताना शारिसाला स्वतःचाच राग आला. पण लोक खिडकीकडे काही वळले नाहीत. ते पायरीवर भांडी ठेवत राहिले आणि तक्रारी पोटात. गावात माणसं एकमेकांशी तुटक बोलू लागली. लेनर्ड दुपारचा उपाशी हिंडू लागला.

"पोर दिवसभर झोपते की काय?" सुसानामावशींनी कर्टिसला किराणा दुकानात गाठून विचारलं. "डॉक्टरला दाखवा!"

"वाढीचं वय आहे," कर्टिस म्हणाला आणि डब्यांच्या मांडणीआड नाहीसा झाला.

मंगळवार उजाडला. सभागृह खच्चून भरलं, कारण सभेनंतर कॉफी आणि केक होता. पुढे काचेच्या पेटीत नांगर. त्याशेजारी रोनेल, इस्त्रीच्या शर्टात, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाच्या चेहऱ्याने. शारिसा मागच्या रांगेत बसली होती. मांडीवर एल्सी होती आणि ती, आठवड्याभरात पहिल्यांदाच पाटीवर लिहिल्याप्रमाणे, खरोखर झोपली होती.

"बंधुभगिनींनो," हार्वी म्हणाले, "ज्या गावात तक्रार नाही, त्या गावाला तक्रार खिडकी कशाला? ती बंद करण्याचा ठराव मी मांडतो. नियमाप्रमाणे विचारतो, कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला काहीच म्हणायचं नव्हतं. समोर परका माणूस उभा असताना कुरकुर करण्याइतकं असंस्कृत तिथे कुणी नव्हतं. शारिसाने उठायचं ठरवलं, मग भत्ता आठवून बसायचं ठरवलं. हार्वींनी लाकडी हातोडी उचलली आणि टेबलावर हाणली.

एल्सी दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं.

सगळ्या माना मागे वळल्या. सभागृहभर एक सुटकेचा सुस्कारा गेला.

"उठली गं बाई!" सुसानामावशी ओरडल्या आणि खुर्च्यांमधून वाट काढत निघाल्या. "अले अले! शारिसा, उठलीच आहे तर सांगते, तो लेनर्ड पुन्हा माझ्या फाटकात बर्फ टाकायला लागलाय!"

"माझ्या इथला फुटपाथ—"

"तो कुत्रा रात्रभर—"

"आधी मी! मी पायरीवर दोनदा व्हेरेनिकी ठेवून गेलेय!"

शारिसाभोवती गर्दी झाली. तिने सवयीने एल्सीला खांद्यावर घेतलं, हसली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बघते हं, बघते." लेनर्ड सभागृहातच होता, तो पेन काढून पुढे आला. टेव्सकाकांनी एल्सीला बोट धरायला दिलं आणि मोरीचं वर्णन सुरू केलं. ती रडायची थांबली.

हार्वी हातोडी धरून उभेच होते. "पण या तक्रारी," ते म्हणाले, "या खिडकीवर का नाही आल्या?"

"अहो, तिथे हा पाहुणा बसवलाय ना तुम्ही!" सुसानामावशी म्हणाल्या. "पाहुण्यापुढे घरातलं काढतात का?"

रोनेलचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे तुम्हाला तक्रारी होत्या?" तो म्हणाला. "माझ्याबद्दल नाही, इतर सगळ्याबद्दल?"

"भरपूर!"

"वर्षभर मला वाटत होतं, मी कुणाला आवडत नाही म्हणून कुणी येत नाही!" त्याने धावत येऊन मावशींचा हात हातात घेतला. "सांगा ना. बर्फाचं काय झालं?"

"नको रे बाबा. तुला कशाला त्रास?" मावशी म्हणाल्या. "आमचं छान चाललंय."

"काय हो हार्वी," लेनर्डने लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, "तुमच्या घरासमोरचा तो फडफडणारा दिवा यात धरायचा की त्या गप्पा होत्या?"

सभागृह हसलं. नगराध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांनी हातोडी फिरवून पाहिली, जणू दोष तिचाच होता, आणि जाहीर केलं की ठराव पुढल्या अभ्यासासाठी राखून ठेवण्यात येत आहे. तिथे राखून ठेवलेला ठराव पुन्हा कधी कुणाच्या पाहण्यात आलेला नाही. केक कापला गेला. रोनेलला सत्काराचं स्मृतिचिन्ह मिळालंच, कारण त्याच्यावर नाव कोरून झालं होतं. आणि त्याने शारिसाला एल्सीसाठी विणलेला पिवळा स्वेटर दिला. विणकाम तो खिडकीवर बसूनच शिकला होता. स्वेटर उत्तम झाला होता. वेळ भरपूर मिळाला होता.

मार्चमधल्या एका सोमवारी शारिसा कामावर रुजू झाली. नांगर हलवला होता. तिने घंटी पुसली, चकचकीत केली, एकदा स्वतःच वाजवून पाहिली. दहा वाजले, अकरा वाजले. कुणी आलं नाही. बाहेर ऊन होतं, रस्त्याकडेचा बर्फ वितळत होता. दुपारी फोन खणाणला तेव्हा तिने झडप घालून उचलला.

"अगं, मी बोलतोय," कर्टिस म्हणाला. मागे माणसांचा गलका होता आणि एल्सी खिदळत होती. "फ्रीजरमध्ये आता सॉसेज मावत नाही. बाहेर अजून चार जण आहेत. आणि लेनर्डचा नंबर कुठे चिकटवलायस?"

"फ्रीजच्या दारावर. टेव्सकाका आलेत का?"

"सकाळपासून. बन घेऊन."

शारिसाने फोन ठेवला, खण उघडला आणि रोनेल विसरून गेलेल्या विणायच्या सुया बाहेर काढल्या.

मोरी अजून तुंबलेलीच आहे.